ठिपक्याचा ग्लास

एकतीस वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलं. थुंकी, लघवी, पू, रक्त, सगळं रोज हातातून जायचं आणि दीड वाजता साबणाने हात धुऊन त्याच हातांनी मी पोळीभाजी खायचे. नव्या मुली नाकाला रुमाल लावायच्या तेव्हा मला हसू यायचं. किळस नावाची गोष्ट आपल्यातून निघून गेलीय असं मी धरूनच चालले होते. ती परत आली निवृत्तीनंतर, आमच्या चर्चच्या मागच्या खोलीत, अंगठ्याएवढ्या एका काचेच्या ग्लासामुळे.

मी शहाडला राहते. आमची ख्रिस्ती मंडळी मेथडिस्ट पंथाची, चर्च कल्याणात. इमारत एक आणि उपासना चार: सकाळी आठला आमची मराठी, मग हिंदी, दुपारी तमिळ, संध्याकाळी गुजराती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. माणसं पुढे जाऊन वेदीसमोरच्या कठड्यापाशी गुडघे टेकतात, भाकरीचा तुकडा घेतात आणि ट्रेमधला एकेक छोटा ग्लास उचलतात. त्यात काळ्या द्राक्षांचा घरी उकळलेला रस. ट्रेला गोल भोकं असतात, भोकात ग्लास बसतात. हे ग्लास धुणं, पुसणं, ट्रे भरणं माझ्याकडे. माझ्याआधी आई करायची. ती गेल्यावर कुणी विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही. बाह्या वर केल्या आणि नळाखाली उभी राहिले.

ज्या दोघींची ही गोष्ट आहे त्यांची नावं मी लिहिणार नाही. वयात तीन वर्षांचं अंतर आहे, म्हणून एकीला थोरली म्हणते, दुसरीला धाकटी.

थोरली आमच्याच मंडळीतली. सहा वर्षांची होती तेव्हापासून माझ्या संडे स्कूलच्या वर्गात. 'टीचर, नोहाने तारवात डास पण घेतले होते का?' असं विचारून तिने मला एकदा पुरती गप्प केली होती. पुढे ती फिजिओथेरपिस्ट झाली, ठाण्यात नोकरी लागली, आईवडील वारले. ती घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर भाड्याने राहायला गेली. पण रविवार चुकवायची नाही. त्या रस्त्यावर उशीर केला की संपलंच, म्हणून साडेसहाला निघायची.

धाकटी तिच्याबरोबर यायची. अंबरनाथच्या चाळीत वाढलेली, बौद्ध घरातली, ठाण्यात विम्याच्या ऑफिसात काम करणारी. पहिल्याच भेटीत तिने मला स्पष्ट सांगितलं, 'मावशी, मी देव मानत नाही हां. तुमची गाणी मात्र भारी असतात.' प्रभुभोजनाच्या वेळी सगळे पुढे जायचे तेव्हा ती शेवटच्या बाकावर बसून राहायची, आणि संपलं की थेट माझ्याकडे मागच्या खोलीत. 'द्या मावशी, पुसते.' हात चपळ होता तिचा. तीन वर्षांत एक ग्लास फोडला नाही.

मंडळीला दोघी आवडायच्या, हे मला सांगायलाच हवं. वर्षातून एकदा चारही भाषांची मिळून उपासना होते. त्या वर्षी पुढे लावायचा कापडी फलक धाकटीने रंगवला. 'अनेक भाषा, एक प्रभू', चार लिप्यांत. तमिळ तिला येत नव्हतं, पण अक्षरं इतकी देखणी काढली की तमिळ मंडळीतल्या बायकांनी तिच्या केसांत गजरा माळला. जेवणात इडली, ढोकळा, आमचं मटण, हिंदीवाल्यांची पुरी-भाजी. महिला मंडळाच्या अध्यक्षबाई माइकवर म्हणाल्या, 'आपल्या मंडळीत कुणीही परकं नाही.' टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

या अध्यक्षबाई माझी तीस वर्षांची मैत्रीण. आमची बाळंतपणं एका वर्षात झाली. तिचा गुडघा दुखायचा. उपासना झाली की ती मागच्या बाकावर पाय पसरून बसायची आणि थोरली खाली जमिनीवर बसून तो दाबून द्यायची, व्यायाम दाखवायची. 'तुझ्या हातात प्रभूने गुण दिलाय गं,' असं ती दर रविवारी म्हणायची.

दोघी एकत्र राहतात हे सगळ्यांना माहीत होतं. मैत्रिणी आहेत, भाडं वाटून घेतात, एवढंच लोक बोलायचे. त्यापुढचं ज्याला कळत होतं तो गप्प होता. मला कळत होतं.

मग एका रविवारी थोरलीने ते बोलून टाकलं. उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब, म्हणजे आमचे पाद्री, विचारतात, या आठवड्यात कुणाचा वाढदिवस, कुणाच्या लग्नाचा वाढदिवस? ती माणसं पुढे जातात, त्यांच्यासाठी प्रार्थना होते. त्या दिवशी एक आजोबा गेले, एक नवं जोडपं गेलं आणि त्यांच्यामागून थोरली धाकटीचा हात धरून गेली. धाकटीला हे आधी ठाऊक नसावं. तिची ओढणी बाकाला अडकली होती, ती सोडवत सोडवत चालली होती.

पाळकसाहेबांनी हसून विचारलं, 'वाढदिवस कुणाचा?'

'वाढदिवस नाही, पाळकसाहेब,' थोरली म्हणाली. 'आम्ही दोघींनी संसार मांडला त्याला आज सात वर्षं झाली. आमच्यासाठी प्रार्थना करा.'

पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि 'या दोन भगिनींच्या मैत्रीबद्दल' देवाचे आभार मानले. मंडळी आमेन म्हणाली. बाहेर आल्यावर चहा झाला, बिस्किटं झाली. कुणी एका शब्दाने बोललं नाही, आणि मला वाटलं, वा, आपली माणसं मोठ्या मनाची निघाली.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी मागच्या खोलीत ट्रे लावत होते. अध्यक्षबाई नेहमीप्रमाणे रसाची किटली घेऊन आली. किटली ठेवून दार लोटलं.

'एक सांगायचं होतं. रागावू नकोस.'

'काय गं?'

'त्या दोघींचं. म्हणजे आपल्याला कुणाला दुखवायचं नाहीये. तिने यावं, भोजन घ्यावं, प्रभूचं मेज सगळ्यांसाठी आहे. पण बायकांच्या मनात येतं ना. ते ग्लास पुढच्या वेळी कुणाच्याही तोंडाला लागतात. तिचा एक ग्लास जरा वेगळा ठेवला तर?'

'वेगळा म्हणजे?'

तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेला एक ग्लास काढला. आमच्यातलाच, मागच्या आठवड्यात नेला असणार. बुडाला खालून नेलपेंटचा लाल ठिपका. 'बाहेरून दिसत पण नाही,' ती म्हणाली. स्वतःच्या कामावर खूश असल्यासारखी.

'अगं, मी उकळत्या पाण्यात धुते सगळे. आणि असल्याने काही होत नसतं. मी तुला लॅबमधली म्हणून सांगते.'

'मला माहितीये. तुला माहितीये, मला माहितीये. लोकांना कोण समजावणार? पाळकसाहेबांच्या कानावर घातलंय मी. ते म्हणाले, शांतता राहत असेल तर बघा तुम्ही.'

इथे खोटं लिहायचा मोह होतो. मी तो ग्लास भिंतीवर आपटला असं लिहावंसं वाटतं. मी म्हणाले, 'बरं.'

तेव्हापासून तो ग्लास तिसऱ्या ट्रेच्या कडेच्या शेवटच्या भोकात जाऊ लागला. ट्रे फिरवायला एक निवृत्त हेडमास्तर असायचे. थोरली कठड्याला आली की ते मनगटाची एक हलकी गिरकी देऊन ट्रेची ती बाजू तिच्यासमोर आणायचे. इतकं सफाईने, की हे त्यांनी घरी करून पाहिलं असावं असं मला वाटायचं. ती ग्लास उचलायची, प्यायची, डोळे मिटायची. मग मी तो बाजूला काढून शेवटी धुवायचे, वेगळ्या फडक्याने पुसायचे आणि कपाटाच्या कोपऱ्यात एकटा ठेवायचे. आणि त्याच दिवशी, अर्ध्या तासाने, मागच्या बाकावर अध्यक्षबाईचा गुडघा थोरलीच्या हातात. साडी वर सारलेली, डोळे सुखाने मिटलेले. हात चालत होते. ओठ तेवढे चालत नव्हते.

असे तीन महिने गेले.

चौथ्या महिन्यात धाकटी पुसत होती आणि मी ट्रे धूत होते. तो ग्लास मी बाजूला काढायला विसरले. तिने तो उलटा धरला.

'मावशी, ही खूण कसली?'

'तडा गेलाय त्याला,' मी म्हणाले. किती पटकन निघालं तोंडातून.

तिने खिडकीच्या उजेडात ग्लास फिरवून पाहिला. 'तडा नाहीये.' मग कपाटाकडे पाहिलं. तिथे कोपऱ्यात एक रिकामी जागा होती आणि तिच्यापुढे वेगळं घडी घातलेलं फडकं. तिला दुसरं काही विचारावं लागलं नाही. ज्या घरांत ही गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते तिथल्या माणसाला ती लांबूनही ओळखू येते.

'हिचाच ना?' तिने विचारलं.

मी नळ बंद केला. मान हलवली.

'आम्हाला वाटायचं, तुम्ही लोक चर्चमध्ये गेलात म्हणजे यातून तरी सुटलात,' ती म्हणाली. आवाज चढला नाही. तिने ग्लास पुसला, नीट, कोरडा होईपर्यंत, आणि बाकीच्यांबरोबर ओळीत ठेवला. दाराशी जाऊन वळली. 'तिला सांगू नका, मावशी. तिला हे चर्च फार आवडतं.'

ती गेल्यावर मी मोरीत ओकले. सकाळचा चहा आणि द्राक्षांचा रस, जांभळा. एकतीस वर्षं लोकांच्या घाणीत हात घालून मला कधी मळमळलं नव्हतं.

मला आईची आठवण तेव्हा आली. तीन महिने आली नव्हती, हे सगळ्यात वाईट. आईचं माहेर नगर जिल्ह्यातलं. गावच्या हॉटेलात तिच्या वडिलांची कपबशी बाहेर छपरात खोचलेली असायची. आपली आपण काढायची, वरून ओतलेला चहा प्यायचा, धुऊन परत खोचायची. कल्याणला आल्यावर ती पहिल्यांदा कठड्याला गुडघे टेकून बसली, शेजारी रेल्वेतल्या एका मोठ्या साहेबाची बायको होती, आणि एकाच ट्रेमधून दोघींनी ग्लास उचलले. अर्धा रस पदरावर सांडला, असं ती सांगायची. म्हणूनच ती ते ग्लास मरेपर्यंत धूत राहिली. आणि मी, तिची मुलगी, त्यातलाच एक ग्लास वेगळ्या फडक्याने पुसत होते.

सोमवारी मी जुन्या लॅबमध्ये जाऊन थोडं ॲसिटोन मागून आणलं आणि ठिपका पुसून टाकला. पुढच्या रविवारी उपासनेनंतर मंडळीच्या कमिटीची बैठक होती. मी सभासद आहे. एरवी चहाच्या कपावरची माशी हाकलण्यापलीकडे फार काही करत नाही. त्या दिवशी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. खूण कुणी केली, ट्रे कोण फिरवतं, कुणाच्या कानावर होतं आणि ग्लास वेगळा कोण धूत होतं.

हेडमास्तर छताकडे बघत होते. पाळकसाहेब म्हणाले, 'बाई, विषय इतक्या कडवटपणे मांडायची गरज नाही.'

अध्यक्षबाई रडायला लागली. 'मी प्रेमानेच केलं. तिला यायला बंदी करा म्हणणारे होते, त्यांना मी गप्प केलं. एका ग्लासावर भागवलं मी!'

'आणि तुझा गुडघा?' मी विचारलं. 'तो कसा चालतो तिच्या हातात?'

'ते वैद्यकीय आहे,' ती म्हणाली. खरंच असं म्हणाली, नाक पुसत. आणि कुणी हसलं नाही.

एक तरुण सभासद होता, बँकेतला, टापटीप. तो म्हणाला, 'आपण डिस्पोजेबल कप आणू या ना. बाकी चर्चेसनी कधीच आणलेत. हायजिनिक पण आहे.' खोलीतली हवाच बदलली. सगळ्यांचे खांदे खाली आले. हो, हो, छान सूचना. इतिवृत्तात ओळ आली: स्वच्छतेच्या दृष्टीने प्रभुभोजनासाठी एकदा वापरून टाकायचे कप आणावेत. बाकी काही नाही. तीन महिन्यांचं सगळं त्या एका ओळीखाली गाडलं.

'आणि माफी?' मी म्हणाले.

'कुणाची?' पाळकसाहेबांनी विचारलं. 'तिला माहीत तरी आहे का? उगाच सांगून तिचं मन कशाला दुखवायचं?'

ते इतक्या मायेने म्हणाले की मला त्यांच्या अंगावरच्या अत्तराचाही वास सोसेना. मी पिशवी उचलून बाहेर आले आणि धाकटीला फोन लावला. 'मी तिला सांगितल्याशिवाय राहू शकत नाही गं. तू नको म्हणाली होतीस, पण.'

ती म्हणाली, 'या, मावशी. मला पण नाही सांगता येतंय.'

पुढच्या शनिवारी गेले. घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाखाली बस पाऊण तास एका जागी उभी होती. तेवढा वेळ मी काय बोलायचं ते जुळवत होते. दार थोरलीने उघडलं. 'टीचर! एवढ्या लांब?' मी चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागले. ठिपका, ट्रे, फडकं, कमिटी. धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

थोरलीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'मला माहीत होतं.'

'कधीपासून?'

'पहिल्या महिन्यापासून. ग्लास रिकामा झाला की बुडाशी लाल दिसायचं. शेजारच्यांच्या ग्लासात नव्हतं.'

धाकटी पुढे आली. 'आणि मला बोलली नाहीस?'

'तुला कळलं असतं तर तू पुन्हा पाय ठेवला नसतास तिथे. मला एकटीने जावं लागलं असतं.'

'मग तू का जात राहिलीस?' मी विचारलं. मी विचारायला नको होतं.

तिने माझ्याकडे पाहिलं. वर्गात पहिल्या बाकावरून पाहायची तसंच, सरळ. 'टीचर, ट्रे तुम्ही भरता. म्हणजे तुम्हाला ठाऊक असणार. मला वाटलं, तुम्ही काहीतरी बोलाल. या महिन्यात नाही तर पुढच्या महिन्यात. म्हणून मी येत राहिले.'

मी तिथल्या स्टुलावर बसले. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, तेही येत नव्हतं. धाकटीने भात टाकला होता, सुकटीचं कालवण होतं. तिने पानं वाढली. मला दोनदा भात वाढला. 'माफ केलं' असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही मागितलं नाही. मागायचा धीर झाला नाही.

थोरलीने त्यानंतर येणं बंद केलं. दोन महिन्यांनी तिने पाळकसाहेबांकडे सभासदत्वाचा दाखला मागितला, दुसऱ्या मंडळीत जायचं असलं की देतात तो. तो टीचरांच्या हाती पाठवा असं तिनेच कळवलं होतं, म्हणून मी घेऊन गेले. पाळकसाहेबांनी तो स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिला होता: 'सदर भगिनी आमच्या मंडळीची उत्तम चालीची सभासद असून तिच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.' तिने तो वाचला, धाकटीकडे दिला. धाकटीने मोठ्याने वाचला, 'उत्तम चालीची', आणि दोघी हसत सुटल्या. मला हसता आलं नाही.

आता दर रविवारी त्या ठाण्यातच एका घरी प्रार्थनेला जातात. आठ-दहा माणसं असतात, बहुतेक अशीच कुठून कुठून निघालेली. वसईकडचा एक कॅथलिक माणूस गिटार वाजवतो. त्याच्या घरच्यांनी त्याला नाताळला येऊ नकोस म्हणून सांगितलंय. धाकटी अजूनही देव मानत नाही आणि अजूनही सगळी गाणी म्हणते. मी दोनदा गेले. तिथे मला कुणी कामाला लावलं नाही. नुसतं बसून राहणं मला जड गेलं.

बाकी मी आमच्याच चर्चला जाते. अध्यक्षबाई पायरीवर भेटते. तिच्या गुडघ्याला आता डोंबिवलीचा एक डॉक्टर आहे. 'सलाम,' ती आमच्या ख्रिस्ती रीतीने म्हणते. 'सलाम,' मी म्हणते. ती हात पुढे करते, मी हातात हात देते, आणि नंतर बाकावर बसल्यावर तो हात मांडीवर उताणा पडून असतो. कुठे ठेवावा कळत नाही. तिचा विटाळ वाटतो मला. हे लिहितानाही लाज वाटते, कारण हा शब्द मी माझ्या तोंडी कधी येऊ देणार नाही असं ठरवलं होतं. माझा स्वतःचाही वाटतो.

माझा दाखला मी अजून मागितलेला नाही. धाकटीने एकदा फोनवर विचारलं, 'मावशी, तुम्ही का राहिलात तिथे?' मी तिला सांगितलं, सत्तावन्न वर्षांची सवय आहे. ती 'हं' म्हणाली. तिला ते पटलं नसावं. मलाही पटलेलं नाही.